गुण्याबाहेर

आडनाव मुकादम, आणि सोहारात कामही मुकादमाचंच.
हाताखाली चाळीस माणसं, सगळी सेंट्रिंगची.
आम्ही फळ्या ठोकतो, त्यात काँक्रीट भरतात,
ते घट्ट झालं की फळ्या काढून टाकतो.
उरतं ते सिमेंटवाल्याचं.

तहूराच्या शाळेतून चिठ्ठी आली:
वीतभर पाइनचा ठोकळा, चार चाकं, चार खिळे,
वजन दीडशे ग्रॅमच्या वर नको.
पालकांनी मदत करावी.
ही शेवटची ओळ मी दोनदा वाचून दाखवली.
"करावी म्हणजे केलीच पाहिजे असं नाही, अब्बा."

नऊ वर्षांची पोर.
बाल्कनीत जुनी चादर पसरून
करवत अशी धरली, जशी तिची अम्मी जिवंत खेकडा धरते,
भीत भीत, पण सोडायचा नाही.
मी दारात, हाताची घडी घालून.
चाकाचा एक खिळा तिने कलता ठोकला.
"बाळ, जरा डावीकडे..."
"अब्बा!"
मी आत गेलो, पाणी प्यालो,
परत दारात आलो.

पेन्सिलीचं शिसं कुटून तिने खिळ्यांना चोळलं.
वजनाला खरं शिसं मासळीबाजारातलं, जाळ्याच्या गोळ्या;
बलुशी म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत,
एवढंच विचारलं, ही तरंगते का?

आणि तोलायची कुठे?
किराणावाल्याच्या काट्याला दीडशे ग्रॅम म्हणजे माशी.
शेवटी सोनाराकडे गेलो.
वर्गीसने बांगड्या सरकवल्या, मखमल झटकली,
आणि गाडी अशी ठेवली
जशी कुणी गहाणातून सोडवून आणलेली पाटली.
एकशे एक्कावन्न.
तहूराने तिथेच कानस काढली.
काचेवर भुसा पडला;
वर्गीसने फुंकला नाही,
ब्रशने गोळा करून, सवयीने, डबीत भरला.

जुम्म्यानंतर शाळेचा हॉल, घरघरणारे एसी.
रिफायनरीवाल्यांच्या गाड्या गऱ्यातल्या आठळीसारख्या गुळगुळीत,
बापांच्या बोटांना अजून रंग,
पोरं मागे चिप्स खात उभी.
आमची हिरवी, आणि डुगडुगती.
पुढचं डावं चाक जमिनीला टेकतच नव्हतं.
रोज चाळीस माणसांवर ओरडतो मी,
गुण्यात घ्या रे, गुण्यात घ्या!
मी बुटांकडे बघत राहिलो.

आडकाठी पडली.
ती तीन चाकांवरच सुटली.
चौथं नुसतं हवेत,
ना घासणं, ना अडणं.
पहिली फेरी जिंकली. दुसरीही.
शेवटच्या फेरीत तेच चाक निखळलं
आणि कुणाच्या तरी पर्सखाली जाऊन बसलं.
चौथी आली.
चौघांत.

येताना रस्ताभर गप्प.
मग एकदम:
"तुम्ही केलेलं लाकडाचं काहीतरी दाखवा."
काय दाखवणार?
फलजकडच्या पुलाखाली गाडी घेतली.
"हे तर सिमेंट आहे."
"जवळ जा."

मोबाइलच्या उजेडात तिने खांबाला हात लावला.
फळीचे रेषे.
एक गाठ, बकरीच्या डोळ्याएवढी,
आठ वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या लाकडाची.
बराच वेळ बोट फिरवत राहिली.
"अब्बा, इथे जोड वाकडाय."
"आहे."
"कुणी सांगितलं नव्हतं?"
"सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल."

वरून एक ट्रेलर गेला, भरलेला.
आम्ही दोघं वर बघत राहिलो,
तो पार जाईपर्यंत.
तिच्या मुठीत सुटं चाक.